एका फाइलीतले दोन भाऊ

आमच्या भागात फौजेतून परत आलेला माणूस कोणत्याही हुद्द्याचा असो, गाव त्याला मेजरच म्हणतं. मी बावीस वर्षं फौजेत क्लार्क होतो. बंदूक वर्षातून एकदा हातात यायची, तीही नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे म्हणून. बाकी सगळी नोकरी टाइपरायटर बडवण्यात गेली. तरी बीडच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसलो की समोरचा म्हणणार, "मेजर, आमचं बघा की जरा." मी बघतो. नऊ वर्षं बघतोय. दरवर्षी करार संपतो, दरवर्षी साहेब सही करतात आणि मी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसतो.

माझं नाव विठ्ठलराव. माझं डोकं लवकर तापतं, हे मला ठाऊक आहे आणि रांगेतल्या लोकांनाही. पण पूर्वीचा दवाखाना ज्याने पाहिलाय तो मला नावं ठेवणार नाही. फाइली पोत्यात भरून ठेवलेल्या, त्यांना वाळवी. पाटोद्याकडचा, आष्टीकडचा म्हातारा पहाटेच्या एसटीने यायचा, आणि दुपारी एकला डॉक्टर उठले की फाइल सापडली नाही म्हणून तसाच परत जायचा. सीमेवर उभा राहिलेला माणूस माझ्या खिडकीसमोर हात जोडून उभा राही, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटायची. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत होती. मी वरती पत्रांवर पत्रं लिहिली. कॉम्प्युटर द्या, फाइली त्यात घालू द्या, माणसाचं दुखणं एका जागी दिसू द्या, असं लिहून लिहून हात दुखले.

अखेर ते आलं. नवे कर्नलसाहेब आले, कॉम्प्युटर आले, कार्डं आली, अंगठ्याचं मशीन आलं. आता कार्ड लावलं की बीडच्या, संभाजीनगरच्या, पुण्याच्या, योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलात माणसाची सगळी माहिती पडद्यावर दिसते. कोणता आजार, कोणती गोळी, शेवटची कधी नेली. जुन्या सगळ्या फाइली मी एकट्याने आठ महिन्यांत चढवल्या. संध्याकाळी डोळ्यांतून पाणी यायचं, पण मला त्या कामाचा गर्व होता. अजूनही आहे, आणि तीच तर अडचण आहे.

त्या फाइलींत एक शहादेव मिसाळची होती. शिरूर कासारच्या पुढे, सिंदफणेच्या काठचं त्याचं गाव. सतरा वर्षं फौजेत होता, नाईक म्हणून निवृत्त झाला. उंच, हसरा, तब्येतीने ठणठणीत. सहा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा माझ्याकडे आला तो स्वतःसाठी नाही. बरोबर त्याचा थोरला भाऊ होता, नवनाथ. घरात सगळे त्याला आप्पा म्हणतात. तोच नाक-डोळा, तीच उंची, फक्त उन्हाने आणि उसाने वाळलेला. शहादेव दहावी होईपर्यंत या नवनाथने दर हंगामाला कोयता हातात धरला आणि कारखान्याच्या उसाच्या फडावर गेला. भरतीच्या मैदानापर्यंत धाकट्याला तोच घेऊन गेला होता. शहादेव धावत असताना हा मैदानाच्या तारेबाहेरून बरोबरीने धावला, असं शहादेव सांगायचा आणि दर वेळी हसता हसता गप्प व्हायचा.

नवनाथच्या हृदयाचे ठोके चुकत होते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, आणि तीही मरेपर्यंत. असल्या गोळ्या दर महिन्याला विकत घेणं तीन एकर कोरडवाहूवाल्याच्या आवाक्यात नसतं. ऑपरेशनला सरकारी योजना असते. रोजच्या गोळीला कोणी विचारत नाही.

"मेजर," शहादेव खिडकीत वाकून म्हणाला होता, "आप्पाला माज्या नावावर तपासू द्या. फोटो माजाच हाय, पर आमा दोगांत फरक कुनाला कळतोय?"

"मला कळतो ना."

"तुमी फौजी हाव. तुमाला कळून बी कळनार न्हाई." असं म्हणून तो हसला.

तेव्हा कागदाचं पुस्तक होतं, त्यावर शहादेवचा वर्दीतला जुना, उडालेला फोटो. डॉक्टर दर वर्षी बदलत. मी पुस्तकावर शिक्का मारला आणि नवनाथला आत पाठवलं. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. आपल्या माणसाचं झाकायचं, ही आमची पहिल्या दिवसापासूनची शिकवण. बराकीत एकाची चूक झाली तर सगळे दंड भोगतील, पण नाव कोणी सांगणार नाही. त्या शिकवणीने आम्हाला लढाईत वाचवलं असेल. काउंटरवर ती कशी वागेल, याचा विचार मी केला नाही.

शहादेवची फाइल चढवायची वेळ आली तेव्हा मात्र हात थांबला. त्या फाइलीत स्वतः शहादेवचं असं जवळजवळ काही नव्हतंच. एक-दोनदा ताप, एकदा दाढ. बाकी सगळं नवनाथचं: ठोके चुकतात, गोळी रोज, कायमची. ही पानं वगळली तर गोळी बंद. चढवली तर शहादेवच्या नावावर दुसऱ्याचं हृदय. मी एक चहा घेतला, परत आलो आणि पान न् पान चढवलं. एकदा चढवलेलं पुसायचं असेल तर कर्नलसाहेबांचा पासवर्ड लागतो, म्हणजे त्यांना सगळं सांगावं लागतं. त्या वाटेला मी गेलोच नाही.

त्यानंतर शहादेव दर महिन्याला स्वतः यायचा, मशीनवर स्वतःचा अंगठा लावायचा आणि भावाच्या गोळ्या घेऊन जायचा. जुन्या कागदावर कोणी संशय तरी घेतला असता. आता अंगठा खरा, कार्ड खरं, तारीख खरी. खोट्याला इतका पक्का पुरावा मीच करून दिला.

गेल्या दिवाळीनंतर कर्नलसाहेबांनी भिंतीवर नोटीस लावली. कार्ड दुसऱ्याला वापरू दिलं तर सदस्यत्व रद्द, आणि मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा करार त्याच दिवशी संपेल. ती नुसती नोटीस नव्हती. केजकडच्या एका सुभेदाराने मेव्हण्याला आपल्या कार्डावर दाखल केलं होतं. त्याचं कार्ड आठवड्यात बंद झालं. नोटीस मीच टाइप केली होती. शहादेवने ती वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माझ्याकडं काय बघतोस बे? अंगठा लाव."

त्या नोटिशीला पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळचे अकरा वाजले होते. कर्नलसाहेब माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून महिन्याचा अहवाल बघत बसले होते, आणि फोन वाजला.

"मी डॉक्टर सायली बोलतेय," जालना रोडवरच्या योजनेतल्या एका हॉस्पिटलचं नाव तिने सांगितलं. आवाज तरुण होता, पण घाई असूनही शांत. "तुमचे पेशंट आहेत, शहादेव मिसाळ. सकाळी पावणेनऊला घरी कोसळले. उजवी बाजू गेलीय, बोलता येत नाहीये. तुमच्या रेकॉर्डला रक्त पातळ करायची गोळी दिसतेय, बारा दिवसांपूर्वी स्वतः नेलेली. त्यांचे भाऊ म्हणतात रोज घेतात, आज सकाळीही घेतली. मला तुमच्याकडून खात्री हवीय. हे बरोबर आहे ना?"

समोर साहेब. त्यांनी कागदावरून मान वर केली होती.

शहादेव कोसळला, हे एकीकडे. दुसरीकडे लगेच डोक्यात आलं की नवनाथने तिथे हो म्हटलंय. मी नाही म्हणालो तर तो खोटा पडणार, कार्ड आताच्या आता बंद होणार आणि शहादेवला स्ट्रेचरवरून खाली उतरवतील. माझी नोकरीही डोक्यात आली. ती पहिली आली की नंतर, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय.

"रेकॉर्ड बरोबर आहे मॅडम," मी म्हणालो. "दर महिन्याला अंगठा लावून नेतात."

"ठीक आहे. मग ते इंजेक्शन देता येणार नाही. थँक यू." फोन बंद झाला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"एक पेशंट ॲडमिट झालाय सर. रेकॉर्ड विचारत होते."

"बघा," साहेब खूश झाले, "पूर्वी हीच माहिती द्यायला आपल्याला दोन दिवस लागले असते."

कोणतं इंजेक्शन, हे मला कळलं नव्हतं. साहेब केबिनमध्ये गेल्यावर मी आमच्या सिस्टरकडे, मंजुषाकडे गेलो आणि लकव्यावरच्या इंजेक्शनाचं सहज विचारल्यासारखं विचारलं. ती पट्ट्या मोजत होती. म्हणाली, "मेंदूत गुठळी अडकून लकवा मारला ना, तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. साडेचार तासांच्या आत द्यायचं. लागू पडलं तर माणूस चालत घरी जातो. मी बघितलंय."

"आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर?"

"मग नाही देत. डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जागीच जाईल. ती गोळी अंगात किती आहे हे मोजायची तपासणी पण बीडात नाही. पेशंट आणि रेकॉर्ड सांगेल तेच खरं धरायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "का हो, काय झालं?"

"काही नाही."

सव्वाअकरा वाजले होते. पावणेनऊ अधिक साडेचार म्हणजे सव्वा एक. दोन तास हातात होते. फोन उचलायचा, दोन वाक्यं बोलायची: ती गोळी तो खात नाही, त्याचा भाऊ खातो, इंजेक्शन द्या. एवढंच काम होतं.

मी ते केलं नाही. करणारच होतो, पण प्रत्येक वेळी थोड्या वेळाने. खिडकीत एक म्हातारा आला, त्याचं कार्ड लागत नव्हतं. ते केलं. साहेबांनी अहवालात एक आकडा विचारला, तो काढून दिला. मनात म्हणत होतो, नवनाथ तिथंच आहे. त्याला कळेल, तो सांगेल. त्याचा भाऊ आहे, माझा थोडाच आहे? असंही मनात आलं, लपवत नाही. बारा वाजता हॉस्पिटलला फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने डॉक्टर आयसीयूत आहेत, नाव-काम सांगा म्हटलं. मी फोन ठेवून दिला. निरोप म्हणून सांगायची ती गोष्ट नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला नाव सांगायची भीती वाटली.

साडेबाराला मला बसवेना. मी मंजुषाला म्हणालो, "साहेबांनी विचारलं तर बँकेत गेलो म्हणून सांग," आणि रिक्षा पकडली. त्या दिवशी कुणा पुढाऱ्याचा मोर्चा होता. शिवाजी पुतळ्यापाशी सगळं अडलेलं. रिक्षावाला बिडी पेटवून निवांत बसला. मी खाली उतरलो आणि चालत, मग पळत निघालो. साठीच्या पोटाला पळणं शोभत नाही, लोक बघत होते. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढलो तेव्हा घड्याळात एक वाजून आठ मिनिटं झाली होती.

आयसीयूबाहेर नवनाथ भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मला बघून तो उठला आणि हात धरून मला जिन्याखाली घेऊन गेला.

"मेजर, घाबरू नका," तोच मला म्हणाला, "म्या सगळं सांभाळून घेतलंय. डॉक्टरीणबाईनं इचारलं, गोळी रोज घेत्यात का? म्या म्हनलं, घेत्यात. आज सकाळी घेतली का? म्हनलं, घेतली. म्या घेतलीच व्हती की सकाळी. कार्डाला काय बी धक्का लागू दिला न्हाई."

त्याच्या तोंडावर भावाची काळजी होती, आणि तिच्यामागे जरासा अभिमानही होता. जोखमीचं काम निभावलेल्या माणसाचा असतो तसा. माझ्याने त्याच्याकडे बघवेना.

"आप्पा," मी म्हणालो, "त्या गोळीमुळंच त्यांनी इंजेक्शन दिलं नाही."

"कोंतं इंजेक्शन?"

मी सांगितलं, तुटक तुटक, धापा टाकत. सव्वा एकपर्यंत द्यायचं असतं. दिलं तर हात-पाय परत येतो. ती गोळी चालू आहे म्हटल्यावर देता येत नाही. तो ऐकत होता. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. एकदम वळून तो आयसीयूकडे धावला आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागला. वॉचमनने त्याला मागे ओढलं. मी म्हणालो, डॉक्टर सायलींना बोलवा, अर्जंट आहे. वॉचमन म्हणाला, आत दुसरा पेशंट घेतलाय, थांबा. आम्ही थांबलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. एक बारा. एक पंधरा. एक एकवीस. दाराशी उभं राहून मी ते बघत राहिलो. जन्मात इतकं लांब काही बघितलं नसेल.

एक पंचविसाला ती बाहेर आली. पंचविशी-तिशीची मुलगी, डोळे थकलेले. आम्ही काही बोलायच्या आत तीच नवनाथला म्हणाली, "काका, जीव वाचलाय. पण खरं सांगते, वाईट वाटतंय. वेळेत आणला होता तुम्ही. ती गोळी चालू नसती ना, तर इंजेक्शन दिलं असतं. आता वेळ गेली. संभाजीनगरला हलवून पण आता उपयोग नाही."

नवनाथने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड अजून कोयत्याची होती.

वरातीमागून घोडं आणावं तसा मी पळत आलो होतो, आणि आता बोलून काय होणार? गेलेली बाजू परत येणार नव्हती. बोललो तर कार्ड जाणार होतं, आणि आता शहादेवला कार्डाची खरी गरज लागली होती. उभं आयुष्य कधी दवाखाना न लागलेल्या माणसाला. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. मनगटावरची पकड आवळली आणि माझं तोंड बंद राहिलं.

"तुम्ही कोण?" तिने मला विचारलं.

"दवाखान्यातून आलोय. चौकशीला," मी म्हणालो.

"बरं झालं आलात. तुमचं रेकॉर्ड नसतं ना," ती म्हणाली, "तर मी इंजेक्शन देऊन बसले असते आणि ते माझ्या हातून गेले असते. खूप चांगलं काम करता तुम्ही लोक."

मी मान हलवली. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, तिच्यावर ओरडलो.

शहादेव अठरा दिवसांनी घरी गेला. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं तर पूर्ण गेलं, फक्त एक "हं" उरलं. डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं होतं: रक्त पातळ करायची गोळी पूर्वीप्रमाणे चालू ठेवावी, एकही दिवस चुकवू नये. माझ्या पडद्यावर तो कागद आपोआप येऊन पडला. खरी गोष्ट माहीत असलेला डॉक्टर त्याला वेगळंच काही लिहून देईल, एवढं मला नऊ वर्षांत समजायला लागलं होतं. मी कागद बघितला आणि पडदा बंद केला.

जानेवारीत भिमाबाई आली. शहादेवची बायको. तिला मी लग्नाकार्यात दोन-तीनदा पाहिली होती. आता अंथरुणावरच्या पेशंटला यावं लागत नाही. घरच्या माणसाच्या मोबाइलवर आकडे येतात, ते सांगितले की औषध मिळतं. ही सोय पण नवीनच. तिने खिडकीतून हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी आत ठेवली.

"वावरातले हायत, मेजरभाऊ. वल्ले हायत तवर खा."

"कशाला वहिनी?"

"असू द्या. त्या दिशी तुमी पळत आलता म्हनं दवाखान्यात. आप्पांनी सांगितलं. सख्खं असल्यागत धावलात. लई उपकार हायेत तुमचे."

गर्दी नव्हती. दुपारचा वेळ होता. मी तिला आत बाकावर बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. पाणी न पिता ती भांडं हातात धरून बसली.

"भाऊ, एक इचारू का? खरं सांगचाल?"

"विचारा."

"रूपालीनं, आमच्या लेकीनं, मोबाइलवर वाचून दावलं. लकवा मारला की साडेचार तासांत न्या म्हनून. न्हेलं तर मानूस उठतो." तिचा आवाज खाली गेला. "त्या सकाळी हे अंगनात पडले आन मला वाटलं भोवळ आली. म्या साखरपानी पाजलं. तळव्याला कांदा चोळला. दिष्ट काढली. आमचं निम्मं गाव उसाला गेलेलं, गाडी मिळंना. गावातल्या सिदूच्या पिकअपसाठी बसून राह्यलो. माज्याच पायी उशीर झाला का वो? ह्ये माज्याकडं बघत्यात दिसभर. बोलत तर न्हाईत. मला वाटतं, ह्येच इचारत्यात मला. कावून उशीर केलास म्हनून."

ती रडत नव्हती. दोन महिने रोज हेच मनात घोळवून तिचं रडणं आटलं असावं. मी जे झाकलं होतं, त्याचं ओझं या बाईने उचललं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही उशीर केला नाही. तुम्ही आणलं तेव्हा अडीच तासांच्या वर शिल्लक होते."

"मंग कावून दिलं न्हाई इंजेक्शन?"

मी सांगितलं. आप्पांच्या गोळ्या तिला माहीत होत्याच, घरातच होत्या. त्या गोळ्यांमुळे इंजेक्शन नाकारलं, हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, "डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं होतं. हे बरोबर आहे का म्हणून. मी हो म्हणालो."

तिने भांडं बाकावर ठेवलं.

"आन आप्पा? ते बी तितंच व्हते की."

"त्यांना इंजेक्शनाचं काही माहीत नव्हतं. मला सव्वाअकराला कळलं होतं. दोन तास होते माझ्याकडं. मी इथंच बसून राहिलो."

मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. पायातली चप्पल काढली असती तरी मी खाली मान घालून घेतली असती. खरं तर मला तेच हवं होतं. ती भिंतीवरची नोटीस बघत राहिली. तिला वाचता येत होतं की नाही, ठाऊक नाही.

"ह्ये कुनाला बोलला न्हाईत ना?" तिने विचारलं.

"नाही."

"बोलू नका. कार्ड जाईल." तिने पदर सावरला, कनवटीचा मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. "आकडे आलेत बघा. ह्या म्हैन्याच्या गोळ्या द्या. मला साडेतीनची गाडी हाय."

मी यंत्रासारखा उठलो, आकडे घातले, तीस गोळ्या काढल्या. तिने त्या मोजून घेतल्या आणि विचारलं, "ज्यादा न्हाई का मिळायच्या, भाऊ? आता ह्यांना बी त्याच लिवून दिल्यात. एकाच्याच येत्यात आन खानारे दोगं. म्या पुरवते कसंबसं. एक दिस ह्यांना, एक दिस आप्पाला. आप्पा म्हनत्यात, मला नकोच, समद्या त्यालाच दे. आन ह्यांना दिली की ह्ये डाव्या हातानं आप्पाकडं ढकलत्यात. रोज सकाळी भांडण, बिनबोलता. मंग म्याच वाटा लावून दिला."

जो खरा रोगी आहे त्याला गोळी दिवसाआड, आणि ज्याला ती लागते का हे कुणी तपासलंच नाही त्यालाही दिवसाआड. एकाच्या हृदयात कधीही गुठळी होईल, दुसऱ्याच्या डोक्यात काय होईल देव जाणे. आणि ती बाई चूल सांभाळावी तितक्या साधेपणाने हे सांगत होती. माझ्या पडद्यावर मात्र सगळं हिरवं होतं. औषध दिले, पेशंट नियमित.

मी गोळ्या तिच्या हातातून परत घेतल्या नाहीत. पण मी काउंटरचं फळकूट वर केलं आणि कर्नलसाहेबांच्या केबिनकडे निघालो.

तिला कळलं. ती मागून आली आणि तिने माझी बाही धरली.

"कुठं निगालात?"

"साहेबांना सांगायला. फाइल नीट केली पाहिजे, वहिनी. नाहीतर दोघंही जातील."

"कार्ड जाईल."

"जाईल. माझी नोकरी पण जाईल. माणसं तर राहतील."

"कार्ड गेल्यावर मान्सं राहून काय करतील, भाऊ?" ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत होती. मी इतकी वर्षं या खिडकीत बसलोय, मला माहीत असेल असं तिला वाटलं होतं.

मी तिचा हात बाहीवरून सोडवला आणि दार ढकलून आत गेलो.